डॉक्टर की सॉफ्टवेअर : साठीला कोणाची गाठ जड?

लांजेकर (शनिवार, रात्री 9.50)

मंडळी, घरात तीन दिवस एकच विषय चाललाय, म्हणून शेवटी इथे टाकतो.

भाची रत्नागिरीजवळच्या पावसची, यंदा बारावी झाली. नीट आणि सीईटी दोन्ही दिल्या. नीटचे मार्क अगदी काठावरचे. सरकारी मेडिकल मिळालं तर शेवटच्या फेरीत, तोवर जीव टांगणीला. सीईटी मात्र झकास, पुण्यात बऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर नक्की. पोरीला विचारलं तर म्हणते, "दोन्ही चालेल."

भावोजी आंबा बागायतदार. फवारणी, पेट्या, वाशीची पट्टी, सगळं चाळीस वर्षं वहीत मांडणारा माणूस. त्यांनी कोरी वही काढली. डाव्या पानावर डॉक्टर, उजव्या पानावर इंजिनिअर. प्रश्न एकच : साठाव्या वर्षी शिल्लक कोणाची जास्त?

मी मांडून दिलेला हिशेब असा. एमबीबीएस साडेपाच वर्षं (इंटर्नशिप धरून), एक वर्ष बाँडची (म्हणजे सक्तीची सरकारी) सेवा, एक वर्ष पीजीच्या परीक्षेत जाणार, मग एमडीची तीन, त्याचाही बाँड. म्हणजे अठराव्या वर्षी आत गेलेली पोर तिशीला बाहेर. इंजिनिअर बाविसाव्या वर्षी पगारावर. त्यानं पहिली सात वर्षं महिना 25,000 बाजूला टाकले आणि 10 टक्के परतावा धरला तर एकोणतिसाव्या वर्षी 30 लाख. त्यात पुढे एक रुपया न घालता साठीला पावणेसहा कोटी! डॉक्टर ही आघाडी कधी तोडणार?

भावोजी आकडा बघून दहा मिनिटं बोलले नाहीत. कुठे चुकतंय ते सांगा.

खेकडा (10.02)

दोन्ही नको. जेसीबी घ्या. हायवेचं काम आहे तोवर मरण नाही, आणि हायवेचं काम पुढच्या पिढीलाही पुरणार आहे.

बग_फिक्सर (10.15)

लांजेकर काका, दंडवत. साडेतीन लाखांच्या पॅकेजवर महिना 25,000 वाचवणारा फ्रेशर पुण्यात नक्की राहतो कुठे आणि जेवतो काय? हातात येतात पंचवीस-सव्वीस हजार. मी 2014 ला लागलो तेव्हा मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरला साधारण हाच आकडा होता, आजही फार हललेला नाही. मधल्या काळात वडापाव कुठून कुठे गेला ते बघा.

पहिली दोन वर्षं मी वाकडला चौघांत एक फ्लॅट घेऊन राहायचो. शिल्लक म्हणजे गणपतीला गावी जायचं एसटीचं भाडं आणि आईला एक साडी. सात वर्षांची सरासरी महिना 12,000 धरा, तीसुद्धा उदार मनानं.

हिशेब_ठेव (10.41)

बग_फिक्सरशी सहमत. 12,000 नं एकोणतिसाव्या वर्षी 14.5 लाख होतात, साठीला पावणेतीन कोटींच्या आसपास. पण आता महागाई 6 टक्के धरून मागे या : तेव्हाच्या पावणेतीन कोटींची किंमत एकोणतिसाव्या वर्षीच्या रुपयात 45-46 लाख. चिपळुणात चांगल्या जागी टू बीएचके. वाईट नाही, पण भावोजींनी गप्प बसावं असंही नाही.

दुसरी चूक : डॉक्टरच्या पानावर तुम्ही त्या सगळ्या वर्षांत शून्य मांडलंय. तसं नसतं. बाँडच्या वर्षाला पगार असतो, सरकारी कॉलेजात एमडी करताना विद्यावेतन मिळतं आणि ते बऱ्याच इंजिनिअरांच्या त्या वयातल्या पगाराहून कमी नसतं. खरी कोरी वर्षं पहिली साडेचार आणि परीक्षेच्या तयारीचं एक.

(सीए आहे, सावंतवाडी. फुकट सल्ला इथपर्यंतच.)

कोलंबी_फ्राय (10.44)

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

बांद्याचो (11.20)

तुमचां सगळां गणित बरोबर, पण डॉक्टराक पैशे देतलो कोण? आमच्या डॉक्टरान फी पन्नासाची शंभर केली तर लोक म्हयनोभर रुसले. आवशीच्या पायाक सूज इली तेव्हा तो मोटारसायकलीर घराक इलो, बापाशीन चार शहाळी काढून दिली. फी इचारूची रवली ती रवलीच. वरसाक सोलां, फणस, गावठी कोंबो. ह्यां खंयच्या पानार मांडतलास?

आणि मोठां दुखणां इला की आमी सगळे गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीक. 2018 साली गोव्यान भायल्या पेशंटांक फी लावली तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालां, आठवता ना? म्हणजे आमच्या जिल्ह्यातलो पैसो आणि पेशंट दोनय गोव्यात. हय रवणाऱ्या डॉक्टराक सर्दी-पडसां.

लांजेकर (11.31)

बांद्याचो, भावोजींना वाचून दाखवलं. म्हणाले, कोंबड्याला पंधरा वर्षांपूर्वीचा भाव धरायचा की आजचा?

आगबोट (रविवार, सकाळी 7.10)

उजव्या पानाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या पानावर मी एकोणीस वर्षं काढली.

मूळ राजापूरचा. 2004 ला लागलो. पहिली दहा वर्षं सोन्याची, खोटं का बोला. दोनदा ऑनसाइट, तिथल्या डॉलरांनी गावचं घर चिऱ्याचं झालं आणि पुण्यात फ्लॅट. माझ्याच वर्गातला मित्र तेव्हा डॉक्टरकीचं एमएस करत होता. घरी आला की चहाचे पैसे मी द्यायचो आणि तो चिडायचा.

मग चाळिशी आली. मॅनेजर झालो, कोड सुटला. दरवर्षी हाइक 4 टक्के, 5 टक्के, व्हेरिएबल पे कधी मिळतो कधी नाही. 2023 च्या मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी पंधरा मिनिटांचा कॉल आला. मुलगी एचआरची, आवाज गोड, वय माझ्या नोकरीच्या वर्षांइतकंच असेल. वय 41, फ्लॅटचे हप्ते बाकी, मुलगा आठवीत. आठ महिने मुलाखती दिल्या. समोरचे पोरगे आधी वय विचारत नाहीत, बारावीचं साल विचारतात.

आता गावी बसून दोन परदेशी गिऱ्हाइकांचं काम करतो. कमाई पूर्वीच्या साठ टक्के. हायवेच्या खोदाईत केबल तुटली की लॅपटॉप घेऊन रेंज शोधत सड्यावर जातो. तक्रार नाही. पण लांजेकर, तुमच्या वहीत इंजिनिअर बावीस ते साठ सलग कमावतोय. अडतीस वर्षं सलग कमावलेला सॉफ्टवेअरवाला मला तरी अजून भेटायचाय. हा धंदाच आपल्याकडे तेवढा जुना नाही. नव्वदीनंतर लागलेली पहिली मोठी पिढी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतेय.

तो एमएसवाला मित्र हल्ली चहाचे पैसे देऊ देत नाही.

खेकडा (7.25)

आगबोट, जेसीबीला बारावीचं साल विचारत नाहीत.

सुरमई (9.05)

डॉक्टर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं हॉस्पिटल आणि दारात पांढरी गाडी. मी सरकारी वैद्यकीय अधिकारी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन 56,100, त्यावर महागाई भत्ता आणि व्यवसायरोध भत्ता (म्हणजे खासगी प्रॅक्टिस करू नये म्हणून मिळतो तो). दर महिन्याला खात्यावर. तिसाव्या वर्षी ही रक्कम आमच्या नात्यातल्या अर्ध्या आयटीवाल्यांपेक्षा जास्त होती आणि कर्ज शून्य.

पण बाईच्या पानावर एक रकाना जास्त असतो, भावोजींना सांगा. एमडी संपतं तेव्हा वय तीस. लग्न, मूल, पीजी सगळं एकाच पाच वर्षांत. मी पीजी केलंच नाही, त्याचं कारण पैसा नव्हता. पावसाळ्यात रात्री अडीचला सर्पदंशाची केस येते, बाहेर लाइट नाही, मूल पाच महिन्यांचं, नवरा मुंबईला. माझी आयटीतली बहीण तेव्हा सहा महिन्यांच्या पगारी रजेवर होती. हे पैशांत मोजा असं नाही म्हणत, पण मोजतच असाल तर पुरतं मोजा.

बग_फिक्सर (9.20)

सुरमई ताई, +1. पण आमच्याकडेही रिलीजच्या रात्री अडीच वाजतातच.

सुरमई (9.24)

वाजतात रे. सर्व्हर मेला तर रीस्टार्ट करता येतो.

महाडचा_मावळा (10.00)

सर्पदंशावरून आठवलं. आमच्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर. 1970 च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की माणसं पटापट जायची. लोक नुसता उतारा आणि मंत्र करायचे. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबाचं प्राझोसिन वापरून बघितलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एकदोन टक्क्यांवर आलं. 2022 ला पद्मश्री. साठीला त्यांची शिल्लक किती होती हे महाडात कोणी विचारत नाही.

हिशेब_ठेव (10.12)

मावळेराव, आदर आहेच. पण धागा कमाईचा आहे. एक बावस्कर दाखवून हजार पोरांना मेडिकलला पाठवायचं म्हणजे एक तेंडुलकर दाखवून सगळ्यांना मैदानावर सोडण्यासारखं. उलटही तेच, डॉलरवाला भाचा दाखवून सगळ्यांना कॉम्प्युटरला पाठवतात. तुलना करायची तर मधल्याशी मधला लावा. मुंबईतला हृदयरोगतज्ज्ञ आणि हिंजवडीतला फ्रेशर, किंवा परदेशातला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आणि खेड्यातला नुसता एमबीबीएस, या दोन्ही तुलना लग्नाच्या मांडवात ठीक.

आता थोडं धंद्याचं. पगारदाराचा कर उगमातच कापला जातो, 75,000 ची प्रमाणित वजावट सोडली तर नव्या पद्धतीत हाताशी फारसं काही नाही. दवाखानावाल्या डॉक्टरला आम्ही ज्याला 44एडीए म्हणतो ती सोय आहे : वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत (रोकड 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75) असली तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, वह्या ठेवायची कटकट नाही. खर्च निम्म्याहून कमी असेल तर फायदाच. म्हणजे 40 लाख पॅकेज आणि 40 लाख जमा हे दोन वेगळे प्राणी आहेत.

म्हातारपण : इंजिनिअरला पीएफ, ग्रॅच्युइटी. पेन्शनवर मात्र जाऊ नका. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या 15,000 पगाराच्या मर्यादेवर 35 वर्षांच्या नोकरीचं सूत्र लावलं तर महिना 7,500 येतात. खासगी डॉक्टरला यातलं काहीच नाही, त्याला पेन्शन म्हणजे तो स्वतः. पण तो सत्तराव्या वर्षीही सकाळी दोन तास बसू शकतो. भावोजींनी साठीला रेघ का मारली? डॉक्टरचं पान पंचाहत्तरपर्यंत न्या आणि मग बघा.

दुकान_गल्ली (11.30)

औषधाचं दुकान आहे, कुठे ते विचारू नका. डॉक्टरच्या कमाईतला एक भाग वहीत येतच नाही. तपासणीला पाठवलं की पाकीट, मोठ्या शहरात पेशंट पाठवला की पाकीट. सगळे घेत नाहीत. घेणारे कोण ते गावाला माहीत असतं. तुमचा डॉक्टर कुठला ते आधी ठरवा, मग आकडा मांडा.

कोलंबी_फ्राय (11.34)

आला बाबा कट. आता धागा पन्नाशी गाठणार.

डॉ_खाडीकाठ (दुपारी 2.15)

ओपीडी संपली, जेवून लिहितोय.

दुकान_गल्ली, खोटं नाही. मी घेत नाही, त्यामुळे कुठल्या लॅबवाल्याच्या दिवाळी यादीत माझं नाव नाही हेही खरं. यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

मूळ प्रश्नाकडे. चिपळूण, स्त्रीरोग. बायको भूलतज्ज्ञ. 2012 ला बाजारात तळमजला भाड्यानं घेऊन दहा खाटा टाकल्या. लोक पाटी बघून म्हणतात डॉक्टरनं हॉस्पिटल काढलं. खरं तर बँकेनं काढलं, आम्ही सांभाळतो. सोनोग्राफी, कॉटरी, ऑटोक्लेव्ह, जनरेटर, दोन एसी. एसीची बाहेरची युनिटं खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्र्यासारखी सुटतात, हा खर्च पुण्यातल्या डॉक्टरच्या वहीत नसतो. पहिली चार वर्षं आम्हा दोघांची मिळून घरात येणारी रक्कम माझ्या धाकट्या भावाच्या एकट्याच्या पगाराहून कमी. तो इंजिनिअर.

धंदा मोसमी. लावणीच्या दिवसांत ओपीडी ओस, दुखणं अंगावर काढतात. लावणी संपली की एकदम गर्दी, ताप आणि लेप्टो. बाळंतपणं तेवढी मोसम बघत नाहीत. गणपतीत चाकरमानी येतात आणि मुंबईच्या फाइली दाखवून विचारतात, "जरा बघता का?" त्याची फी सांगायला जीभ रेटत नाही.

नऊ वर्षांनी गाडी रुळावर आली. मग 22 जुलै 2021, वाशिष्ठीचा पूर. पहाटे पेशंट वर हलवले, दोन बाळंतिणी आणि एक सिझर. उजाडता पाणी टेबलावर, थोड्या वेळात मशीनवर. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा सोनोग्राफीच्या प्रोबच्या खोबणीत चिखल आणि त्यात बोटभर मासा. बायको हसायला लागली, मग रडायला लागली.

आणि ते मशीन उकिरड्यावर टाकताही येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या 1994 च्या कायद्यात प्रत्येक मशीनची नोंद असते, बुडालं तरी समुचित प्राधिकाऱ्याला कळवायचं, पंचनामा, पत्रव्यवहार. चार महिने तो चिखलाचा ठोकळा पोर्चमध्ये उभा होता. त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जात होता.

आज माझं वय 46. भावाची एकूण कमाई माझ्याहून अजून पुढे आहे. पण त्याची चिंता वाढतेय, माझी कमी होतेय, एवढा फरक पडलाय. पन्नाशीनंतर मी त्याला गाठेन असा माझा अंदाज. वाशिष्ठीनं परवानगी दिली तर.

आगबोट (2.40)

डॉक्टर, मासा वाचून दोन मिनिटं थांबलो.

बांद्याचो (2.55)

डॉक्टरांनु, मासो खंयचो होतो?

डॉ_खाडीकाठ (3.01)

बांद्याचो, सुरमई नव्हती, नाहीतर फी म्हणून जमा धरली असती.

सुरमई (3.03)

ऐकतेय मी.

नीट_पालक_रत्नागिरी (4.20)

सगळं वाचलं. फीबद्दल कोणीच बोललं नाही. सरकारी सीट मिळाली तर हा सगळा हिशेब. नाही मिळाली तर खासगी एमबीबीएसची फी वर्षाला लाखांत दोन आकडी, मॅनेजमेंट कोट्यात त्याच्या कितीतरी पट. ते कर्ज काढून डॉक्टर झाला तर लांजेकरांच्या वहीतलं डावं पान पंचेचाळिशीपर्यंत लाल शाईतच राहील.

आमच्या वेळी रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल एकही नव्हतं. आता ओरोसला 2021 पासून, रत्नागिरीला 2023 पासून, शंभर-शंभर जागा. पोर घरचं जेवून डॉक्टर होऊ शकते. हा खर्चातला फरक पण मांडा.

हिशेब_ठेव (4.35)

अगदी. माझ्या मते सगळ्या धाग्यात खरा आकडा हाच. सरकारी सीट असेल तर मेडिकल, खासगीचं कर्ज काढावं लागणार असेल तर इंजिनिअरिंग. पैशापुरतं म्हणतोय.

आगबोट (4.50)

इथे असहमत. सरकारी सीट मिळाली म्हणून रक्त बघून चक्कर येणारी पोर पाठवायची का? माझा एक मावसभाऊ असाच एमबीबीएस झाला. आज बँकेत आहे.

खेकडा (4.52)

रच्याकने (बाय द वे), बँकवाल्यांची कमाई कुठल्या पानावर?

लांजेकर (बुधवार, रात्री 8.30)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला. वही आता अशी दिसते : डावं पान सत्तरीपर्यंत वाढवलंय, त्यात मध्ये "पूर" असा रकाना. उजव्या पानावर 41 व्या वर्षी आठ महिने कोरे. आगबोट, ते तुमचे. भावोजी म्हणाले, "हे आपल्या धंद्यासारखंच निघालं. एक वर्ष मोहोर जळतोच." दोन्ही पानांच्या बेरजा त्यांनी पेन्सिलीनं लिहिल्यात, फरक वीस टक्क्यांचाही नाही. सरकारी सीट धरून डावं पान पुढे, खासगी धरली तर उजवं. नीट_पालक, तुमचा मुद्दा लागू पडला.

पोरीला पुन्हा विचारलं. तिनं धागा आधीच वाचला होता! म्हणे मेडिकलच्या तिसऱ्या फेरीपर्यंत थांबते, तोवर पुण्याची सीट पकडून ठेवा, फी भरा. आणि विचारत होती की रक्त बघून चक्कर येते की नाही हे आधी कुठे बघता येईल. सुरमई ताई, तुमच्या केंद्रात दोन दिवस येऊ देणार का? पावसहून जवळ असेल तर.

सुरमई (8.41)

निरोप पाठवते, पत्ता इथे नको. तिला म्हणावं चप्पल पावसाळी घाल आणि डबा आण. मंगळवारी लसीकरण असतं, पन्नास पोरं एकदम रडतात. रक्तापेक्षा ते कठीण.

लांजेकर (8.50)

पाठवतो. डॉक्टर खाडीकाठ, भावोजींचा एक प्रश्न राहिलाय. त्या मशीनच्या विम्याचे पैसे मिळाले का? रकाना रिकामा आहे.

डॉ_खाडीकाठ (11.15)

मिळाले. अकरा महिन्यांनी, झीज वजा करून, निम्म्याहून थोडे कमी. नवीन मशीन पहिल्या मजल्यावर बसवलंय. बाळंतिणींना जिना चढावा लागतो म्हणून लिफ्ट टाकली. तिचे एकोणीस हप्ते राहिलेत, तेही मांडायला सांगा.